सोडून द्यायचा मासा

“सोडायचाच असतो, तर मग धरता कशाला?”

आजीने व्हिडिओ कॉलवर हे विचारलं तेव्हा मी पॅलोमार गाठीचा सराव करत होते. ही गाठ सोपी असते. दोरा दुहेरी करून गळाच्या भोकातून ओवायचा, साधी गाठ मारायची, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ काढायचा, थुंकी लावून ओला करायचा आणि ओढायचं. थुंकी महत्त्वाची. कोरडा फ्लुरोकार्बन दोरा ओढला की घर्षणाने तापतो आणि नेमका मोठ्या माशाच्या वेळी तुटतो. मी आजीला हे सगळं उत्साहाने दाखवत होते आणि तिने मधेच हा प्रश्न टाकला. त्याआधी तिचा एक प्रश्न होऊन गेला होता, “बास म्हणजे पुरे ना?” मी म्हटलं, बास नाही, बॅस. लार्जमाउथ बॅस. तोंड मोठं असतं म्हणून लार्जमाउथ.

शनिवारी माझी पहिली बॅस स्पर्धा आहे. नॉर्थ कॅरोलिनात, रालीच्या नैऋत्येला हॅरिस लेक नावाचं तळं आहे. तळं म्हणजे अणुवीज प्रकल्पाला थंड पाणी मिळावं म्हणून बांधलेला जलाशय. कुठल्याही खाडीत कयाक नेली तरी झाडांच्या वर तो अवाढव्य कूलिंग टॉवर दिसत राहतो. आमचा क्लब छोटा आहे. बोटीचे मालक पुढे, माझ्यासारखे बिनबोटीचे मागे, अशा जोड्या आदल्या रात्री चिठ्ठ्या टाकून ठरतात. उजाडताना निघायचं, दुपारी परत यायचं, पाच माशांचं एकत्र वजन करायचं, आणि सगळे मासे पाण्यात सोडायचे. खायचे नाहीत. इथेच आजी अडली.

आजीचं माहेर रोह्याजवळ. पहिल्या पावसात कुंडलिकेला मिळणाऱ्या ओढ्यांतून मासे उलटे चढतात आणि भातखाचरांत अंडी घालायला येतात. याला वलगण म्हणतात. दुसरीकडे चढणीचे मासे. त्या रात्री गावात कोणी झोपत नाही असं ती सांगते. कंदील, टोपल्या, पाण्यात उभे राहिलेले लोक, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येक घरात गाबोळीचा वास. तिच्या लेखी मासा धरण्याला एकच कारण आहे आणि ते पानात वाढता येतं.

मी तिला तेच उत्तर दिलं जे इथे सगळे देतात. आजी, आम्ही मारत नाही. जिवंत सोडतो. ती म्हणाली, “म्हणजे त्याचा जीव नुसता टांगून ठेवता.”

हे उत्तर मला आठवडाभर पुरलंय.

तिचा आक्षेप भाबडा नाही. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा जवळपास हेच म्हणतो. कशेरुक प्राण्याला वेदना द्यायची तर तुमच्याकडे रास्त कारण हवं, आणि पोट भरणं हे रास्त कारण मानलं जातं. नुसती मजा नाही. त्यामुळे तिथे केवळ सोडून देण्यासाठी मासे धरणं बेकायदेशीर समजलं जातं. स्वित्झर्लंडमध्येही सोडण्याच्या इराद्याने धरायला बंदी आहे. म्हणजे आजी आणि जर्मन कायदा एका बाजूला, आणि मी दुसऱ्या बाजूला अशा लोकांमध्ये उभी, जे मासा मेला तर खरोखर हळहळतात.

ही हळहळ कुठून आली तेही पाहिलं पाहिजे. रे स्कॉट नावाच्या माणसाने 1967 मध्ये आर्कान्सॉच्या बीव्हर लेकवर बॅसची स्पर्धा भरवली आणि पुढच्या वर्षी बॅस नावाचीच संघटना काढली. तेव्हाच्या स्पर्धांमध्ये मासे दोरीला ओवून आणायचे, मेलेले. ढीगच्या ढीग. 1972 मध्ये स्कॉटने मासे जिवंत आणून परत सोडण्याची पद्धत सुरू केली. बोटींमध्ये हवा खेळवलेल्या पाण्याच्या टाक्या आल्या. त्यांना लाईव्हवेल म्हणतात. मेलेल्या माशामागे वजन कापायचा नियम आला. स्कॉट काही संत नव्हता. त्याला मोठा धंदा उभा करायचा होता आणि तळी रिकामी झाली तर धंदा बुडाला असता. पण त्या धंद्यातून देशभरच्या हौशी लोकांच्या हाताला सवय लागली, की बॅस धरला की सोडायचा. चांगली सवय लागायला हेतू चांगला असावाच लागतो असं नाही, हे मला त्यातून पटलं. माझ्या कोडबेसमधल्या निम्म्या चांगल्या चाचण्या कुणीतरी ऑडिटच्या भीतीने लिहिलेल्या आहेत.

पैशाचंही तसंच. 1950 पासून अमेरिकेत मासेमारीच्या सामानावर केंद्राचा अबकारी कर आहे आणि तो पैसा राज्यांच्या मत्स्यसंवर्धनाला जातो. मी घेतलेल्या प्रत्येक रॉडमधला थोडा हिस्सा कुठल्यातरी तळ्याला जातो. तळे राखी तो पाणी चाखी, अशी ही सरकारमान्य व्यवस्था आहे.

पण हा सगळा हिशोब तळ्याचा झाला. आजी तळ्याबद्दल बोलत नव्हती. ती एका माशाबद्दल बोलत होती.

त्या एका माशाला काय होतं? 2003 मध्ये एडिंबराजवळच्या रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये लिन स्नेडन आणि तिच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष किंवा ॲसिटिक ॲसिड टोचलं. मासे तळाशी बसून डुलायला लागले, काहींनी ओठ खडीवर घासले, आणि बराच वेळ खाणं सोडलं. ओठ! म्हणजे आम्ही गळ जिथे रुतवतो तीच जागा. उलट बाजूला क्वीन्सलंड विद्यापीठाचा ब्रायन की. त्याने 2016 मध्ये सविस्तर मांडलं की वेदना ‘जाणवायला’ मेंदूचा जो थर लागतो तो माशांना नाहीच. त्याच्या मते माशाचं तडफडणं म्हणजे प्रतिक्रिया, अनुभव नाही. त्याला तशीच सविस्तर उत्तरंही मिळाली.

माझ्या धंद्यातल्या माणसाला की याचं म्हणणं लगेच भावतं. सेन्सरने लॉगमध्ये एरर लिहिली म्हणून सर्व्हरला दुखत नाही. हे मी एका मित्राला ऐटीत सांगितलं आणि सांगताना मला स्वतःचाच संशय आला. हे उदाहरण मला इतकं आवडलं कारण त्यानंतर मला काहीच बदलावं लागत नव्हतं. ज्या युक्तिवादाने आपली शनिवारची सुट्टी वाचते तो दोनदा तपासावा.

मी तपासला. मासा दुखणं जाणतो की नाही हे मला ठरवता येत नाही. पण नक्की ठाऊक नसताना कसं वागायचं हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात मी अगदीच हतबल नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकता येतो. मग गळ निघताना मांस फाडत नाही, फक्त एखाददुसरा मासा सुटून जातो. हात ओले करूनच मासा धरायचा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो थर म्हणजे त्याचं रोगांपासूनचं कवच. मोठ्या माशाला नुसत्या जबड्याने आडवा लोंबकळू द्यायचा नाही, पोटाखाली दुसरा हात द्यायचा. दोरा फार बारीक वापरायचा नाही, म्हणजे झुंज लांबत नाही. जितकी लांबते तितका तो थकतो, आणि पाणी गरम असेल तर सोडल्यावर काही तासांनी, काही दिवसांनी मरू शकतो. तेव्हा तुम्ही घरी फोटोवरचे लाईक मोजत असता. ‘पोहत गेला’ याचा अर्थ ‘जगला’ असा होत नाही, ही गोष्ट या खेळात फार हळू आवाजात बोलली जाते.

आमच्या क्लबात मेलेल्या माशामागे चार औंस कापतात. 113 ग्रॅम. मरणाची किंमत इतकी नेमकी लिहिलेली मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. पण ज्यांनी ती लिहिली त्यांनी निदान ती शून्य धरलेली नाही.

इथपर्यंत मी स्वतःला समजावत आणलं होतं. मग गेल्या रविवारी सरावाला गेले आणि घोळ झाला.

एप्रिलमध्ये पाणी साधारण 15-16 अंश सेल्सिअसच्या वर गेलं की बॅस किनाऱ्याच्या उथळ पाण्यात येतात. नर शेपटीने तळ झाडून बशीसारखा खळगा करतो. मादी येते, अंडी घालते आणि निघून जाते. पुढचं सगळं नराकडे. अंडी फुटेपर्यंत काही दिवस, आणि नंतर पिल्लांचा काळा ढग पोहता होऊन पांगेपर्यंत तो राखण करतो. या काळात तो जवळपास खात नाही. पोलराइज्ड चष्मा लावला की हे वरून दिसतं. मला दिसलं. गवताच्या कडेला, कमरेएवढ्याही नसलेल्या पाण्यात एक फिकट गोल, त्यावर फेऱ्या मारणारा दीडेक पौंडाचा नर, आणि थोडं बाजूला, आधी मला ओंडका वाटलेली एक मादी. ती माझ्या अंदाजाने सहा पौंडांच्या वर होती. एवढा मासा मी जन्मात धरलेला नाही. पहिल्याच स्पर्धेत असा एक मासा मिळाला तर बाकी चार नाही मिळाले तरी चालेल.

मी रबरी किडा गोलात टाकला. नर आला. त्याने किडा गिळला नाही. ओठांच्या टोकाने उचलला, घरट्याबाहेर नेला आणि थुंकून टाकला. अंगणात पडलेलं पान उचलून टाकावं तसं. मी पुन्हा टाकला. त्याने पुन्हा उचलून बाहेर टाकला. तिसऱ्यांदा मी दोरा ओढला असता तर गळ बसला असता. मी ओढला नाही, आणि का ओढला नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

घरट्याच्या काठावर ब्लूगिल नावाचे छोटे मासे टपून होते. नर तिथून हलला की काही मिनिटांत ते अंड्यांवर तुटून पडतात. म्हणजे आता हिशोबात एकच मासा उरत नाही. मी नराला धरलं, तासन्‌तास लाईव्हवेलमध्ये ठेवलं, दुपारी वजन केलं आणि धक्क्याजवळ सोडलं, तर नियमाप्रमाणे मी कुणालाही मारलेलं नसेल. 113 ग्रॅमही कापले जाणार नाहीत.

नॉर्थ कॅरोलिनात हे पूर्ण कायदेशीर आहे. क्लबात एकाला विचारलं तर तो हसला. म्हणाला, दक्षिणेतली तळी आहेत ही, हजारो अंड्यांतली मोजकीच जगतात, एक घरटं गेलं तर दुसऱ्यातली पिल्लं जास्त जगतात. इथले बरेच जीवशास्त्रज्ञ साधारण असंच म्हणतात, आणि मला ते तळ्याच्या हिशोबात पटतं. कॅनडात, ऑन्टॅरिओच्या बऱ्याच भागात मात्र बॅसचा मोसम जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंद असतो. तिथे उन्हाळा छोटा, थंडीच्या आत पिल्लं मोठी व्हायला हवीत. आपल्याकडे पावसाळ्यात यांत्रिक बोटींना बंदी असते तीही याच विचाराने.

तर प्रश्न नियमाचा नाही. फसवणूक ओळखायला सोपी असते. 2022 मध्ये ईरी सरोवरावरच्या एका वॉलाय स्पर्धेत जिंकलेल्या जोडीच्या माशांची पोटं आयोजकाने सगळ्यांसमोर फाडली आणि आतून शिशाचे गोळे निघाले. त्या दोघांना पुढे तुरुंगवास झाला. तिथे विचार करायला काही उरत नाही. माझ्या घरट्यापाशी उरतो.

मी स्वतःला विचारलं की मला नेमकं काय खुपतंय. सगळंच आमिष खोटं असतं. आमिष म्हणजे मुळात मांस. सामिष-निरामिष यातलाच शब्द. भुकेल्या माशाला मांस दाखवून रबर देणं ही फसवणूकच, आणि ती मी गेली दोन वर्षं आनंदाने करतेय. मग घरट्यावरच्या माशाला फसवण्यात जास्त वाईट काय? मला सुचलेलं उत्तर असं, आणि ते पक्कं नाही. भुकेला मासा माझ्या खोट्याला भुलतो तेव्हा तो चूक करतो. तो सावध असता, ते रबर आहे हे त्याला कळलं असतं, तर सुटला असता. त्याच्या हुशारीशी माझी हुशारी लढते, यालाच तर खेळ म्हणतात. घरट्यावरचा नर चूक करतच नाही. त्याला ते खायचं नाहीये. घरात शिरलेली वस्तू बाहेर काढायची हे त्याचं काम तो बरोबर करतो आणि त्याच कामात मी त्याला पकडते. त्याला सुटण्यासाठी एकच रस्ता उरतो, वाईट बाप होणं.

‘बाप’ हा शब्द वापरला की मी गोष्ट माणसाची करतेय, हे कळतं मला. अंतःप्रेरणा म्हणा हवं तर. तरी मला फरक दिसतो तो दिसतोच.

आणि मग मला मामा आठवला. मी आठ-नऊ वर्षांची असताना त्याने मला मरळ धरायला शिकवली होती. मरळही पिल्लं राखते. पिल्लांचा लालसर झुबका पाण्याच्या वर तरंगत हवा घेताना दिसतो, आणि मामा म्हणायचा, त्याच्या खाली बघ, मोठी तिथेच असणार. गळाला बेडूक लावून झुबक्याच्या मधोमध सोडायचा. मरळ भुकेने नाही, रागाने येते. आम्ही ती घरी आणली, आजीने कालवण केलं, मी दोनदा भात घेतला. त्या झुबक्याचं पुढे काय झालं हे आम्ही कोणीही विचारलं नाही.

हे मी आजीला परवा सांगितलं, थोडं कुरघोडीच्या सुरात. वलगणीचे मासे तर पोटात अंडी घेऊनच येतात ना, मग? ती गप्प झाली नाही. “आमचं पोट होतं गं,” म्हणाली. मग जरा वेळाने, “आणि मासेही होते. आता खाचरांत औषधं मारतात. गेल्या पावसात काही चढलंच नाही.” पोट होतं, हे कारण खरं आहे. ते माझ्याकडे नाही, हेही खरं आहे. माझ्या फ्रिजमध्ये दुकानातली कोळंबी आहे. ती कुणी कशी धरली हे मी कधी विचारत नाही आणि या दीडपौंडी नरासाठी रात्री जागते, यातली गंमत मला कळते. पण कोळंबीबद्दल मी बेफिकीर आहे म्हणून इथेही बेफिकीर व्हावं, असं त्यातून निघत नाही. उलटं निघू शकेल. ते आज झेपणारं नाही.

मी ठरवलंय की घरट्यावर टाकणार नाही. सोपं वाटतं, पण या स्पर्धेत बोट माझी नाही. पुढे बसलेला माणूस बोट कुठे न्यायची ते ठरवतो. सध्या अनेक बोटींवर पुढे पाहणारा सोनार असतो. 2018 मध्ये गार्मिनने आणला तेव्हापासून पडद्यावर मासा हलताना थेट दिसतो. काही स्पर्धांनी त्यावर बंदी किंवा मर्यादा घातली आहे आणि या वादावर मी वेगळे दोन हजार शब्द लिहू शकते. उथळ पाण्यातल्या घरट्याला तर तोही लागत नाही, डोळे पुरतात. त्याने घरट्यावर टाकला आणि मोठी मादी लागली, तर जाळी मला धरायची आहे. मागच्याचं ते कामच असतं. धरणार नाही असं म्हटलं तर झुंज लांबेल, मासा जास्त थकेल आणि माझी नैतिकता त्याच्या अंगावर निघेल. म्हणून जाळी मी धरणार, पटकन आणि नीट. हे सहभागी होणं आहे का? आहे.

दुसरं अवघड आहे. सकाळी निघताना तो विचारणार, सरावात काही सापडलं का? सगळे विचारतात. माझ्या फोनमध्ये त्या घरट्याची खूण आहे. रविवारी सवयीने टाकली, अजून पुसलेली नाही. “नाही” म्हटलं तर दिवसाची सुरुवात खोट्याने होते, तीही ज्याच्या बोटीत बसून मी फुकट मासे धरणार त्याच्याशी. सांगितलं तर मी काय टाकलं आणि काय नाही याला अर्थ उरत नाही. मी जे वाक्य तयार केलंय ते असं: एक घरटं दिसलं, त्यावर मी टाकणार नाही, आणि जागा सांगितली नाही तर चालेल का? पहाटे साडेपाचला, अनोळखी साठीच्या माणसाला, माझ्या उच्चारांत, हे कसं वाटेल कोण जाणे. तो चालेल म्हणेल, किंवा दिवसभर बोलणार नाही.

शुक्रवारी रात्री चिठ्ठ्या निघतील. तोपर्यंत लाईफ जॅकेटचा पट्टा शिवायचाय, मासेमारीच्या परवान्याची मुदत पुन्हा एकदा बघायचीये, आणि बावीस गळांचे काटे दाबायचेत. नऊ झालेत.

आजीला सांगितलं की शनिवारी तिच्याकडचे तीन वाजतील तेव्हा मी निघेन. ती म्हणाली, मी दुपारची झोपत नाही हल्ली. मोठा मिळाला तर फोटो पाठव. मग म्हणाली, पण त्याला बाहेर ठेवून फोटो काढत बसू नको.